नववीत पुन्हा बसलेली सहा मुलं

जून २०१८ मध्ये आमच्या शाळेत सहा मुलं नववीच्या वर्गात दुसऱ्यांदा येऊन बसली. आठवीपर्यंत कोणाला नापास करायचं नाही असा तेव्हा नियम होता, त्यामुळे नववी ही पहिली चाळणी. दहावीचा निकाल चांगला दिसावा म्हणून पुष्कळ ठिकाणी ती मुद्दाम बारीक केली जाते. त्या सहा मुलांना मागे ठेवायचं ठरलं त्या बैठकीत मी होते. गणिताची शिक्षिका म्हणून माझं मत विचारलं गेलं, आणि मी मान हलवली. हे आधी सांगितल्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही.

त्यांना जादा तास द्यायचं काम माझ्याकडे आलं. चार मुलगे, दोन मुली. मी तीच उदाहरणं हळू आवाजात, जास्त वेळा सोडवून दाखवत राहिले. मुलं मुकाट्यानं उतरवून घ्यायची. सहामाही झाली, तरी कोणाचा गुण हलला नव्हता.

त्यांतला एक उंच मुलगा मागच्या बाकावर बसायचा. वाचताना त्याची ओळ सुटायची. एकेचाळीस म्हटलं की तो आधी एक लिहायचा, मग चार. वहीत चौदा दिसायचे. आपल्या भाषेत संख्येचं एकक आधी बोललं जातं आणि लिहिलं जातं नंतर. बहुतेक मुलं दुसरीतिसरीत हा अडथळा ओलांडतात, काहींना ते जमत नाही. पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला ‘वीस एक’ असंही म्हणायची पद्धत आली आणि डॉ. मंगला नारळीकरांच्या समितीवर केवढी टीका झाली! मराठी बिघडवली म्हणून ओरडणाऱ्यांनी या मुलाची वही पाहिली असती तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

त्याची आई एकदा भेटायला आली. म्हणाली, “बाई, याच्या डोक्यात पुस्तक शिरत नाही. तुमच्या ओळखीनं कुठंतरी कामाला चिकटवा.” पोरगा शेजारी उभा राहून ऐकत होता.

दिवाळीच्या सुट्टीत मी पाबळला विज्ञान आश्रम बघायला गेले. शिरूर तालुक्यातल्या या गावी डॉ. श्रीनाथ कलबाग १९८३ मध्ये येऊन राहिले. अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट केलेला, मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागात काम केलेला हा माणूस शाळेतून गळलेल्या मुलांना हाताच्या कामातून शिकवण्यासाठी आला होता. तिथूनच माध्यमिक शाळांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम निघाला. आठवी ते दहावी, आठवड्यातला एक दिवस, चार विभाग: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य. शिकवायला शक्यतो गावातलेच कारागीर. मला सगळ्यात पटलं ते हे, की मुलं जे बनवतात ते कोणाच्या तरी खरोखर उपयोगाचं असतं. वर्षाच्या शेवटी फेकून द्यायचे पुठ्ठ्याचे नमुने तिथे नव्हते.

आमच्या शाळेत तो अभ्यासक्रम नव्हता. पण शनिवारी शाळा सकाळची असते. अकरानंतरचे दोन तास मी मागून घेतले आणि गावातल्या एका गवंड्याला विनंती केली. आमच्या नळाखाली कायम चिखल असायचा. तिथे हात धुण्याचा ओटा बांधायचं ठरलं.

पहिल्या शनिवारी मिस्त्रींनी मुलांच्या हातात टेप, दोरी, गुण्या, ओळंबा दिला. आखणी करताना ते म्हणाले, गुण्या लहान आहे, मोठ्या कोपऱ्याला दोरी लावायची. एका बाजूला तीन फुटांवर खूण, दुसऱ्या बाजूला चार फुटांवर, आणि दोन खुणांमधलं अंतर बरोबर पाच भरलं तर कोपरा काटकोनात. उंच मुलानं मोजलं. पाच फूट दोन इंच. त्यानं खुंटी थोडी आत घेतली, पुन्हा मोजलं, पुन्हा सरकवली. तिसऱ्या वेळी पाच भरले. मग कोणी न सांगता तो उरलेल्या तिन्ही कोपऱ्यांवर गेला. मी पायथागोरसाचा सिद्धांत त्याला फळ्यावर कितीदा समजावला होता. त्या दुपारी मी काही बोलले नाही. त्याचं मोजणं चाललं होतं, त्यात सिद्धांताचं नाव घालायची घाई करायची नाही, एवढं मला उमगलं.

एक, दोन, चार या प्रमाणात सिमेंट, वाळू, खडी घमेल्यानं मोजताना मुली पुढे होत्या. किती पोती लागतील, किती पैसे होतील, हा हिशेब सहाही जणांनी मिळून केला. दोनदा चुकला. एकदा एक पोतं जास्त आलं, ते परत करायला मुलंच दुकानात गेली. ओटा पाच शनिवारांत झाला.

नंतर आम्ही बरंच काही केलं. शेंगदाण्याची चिक्की करून तिची किंमत काढली, घरचं वीजबिल आणून मागचं आणि चालू रीडिंग वाचलं, बँकेत जाऊन पैसे काढायची स्लिप भरली. एका मुलीनं आयुष्यात पहिल्यांदा खिडकीतल्या माणसाला प्रश्न विचारला. तिचा आवाज मला बाहेर बाकावर ऐकू आला.

या सगळ्यानं मुलं अभ्यासात हुशार झाली, असं मी म्हणणार नाही. वार्षिक परीक्षेला उंच मुलाला भूमितीत चाळीसपैकी अकराच गुण होते. फरक इतकाच, की तो आता “बाई, हे कळलं नाही” असं तोंडानं म्हणायला लागला होता. ते म्हटल्यामुळेच त्याला नेमकं कुठे अडतं ते मला दिसलं आणि मी त्याच्या आईला जिल्ह्याच्या रुग्णालयात तपासणीला पाठवलं. चार हेलपाटे झाले. तिची चार दिवसांची मजुरी बुडाली. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मिळालं.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २०१६ पासून ही अक्षमता नोंदलेली आहे. प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत तासाला वीस मिनिटं जास्त मिळतात, गरजेनुसार लेखनिक आणि गणकयंत्र मिळतं. मी एकवीस वर्षं शिकवत होते आणि यातलं निम्मंही मला माहीत नव्हतं. माझ्या हाताखालून अशी किती मुलं गेली असतील!

मार्च २०२० मध्ये तो दहावीला बसला. भूगोलाचा पेपर टाळेबंदीत रद्द झाला तेच वर्ष. तो पास झाला. बँकेत बोललेली मुलगी मात्र गणितात राहिली. तिच्या घरच्यांनी तपासणीचा विचार दहावीच्या जानेवारीत केला, तोवर उशीर झाला होता. पुढे तिनं राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून गणित वगळून पाच विषय घेतले. तिथे पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. तिला तीन लागल्या.

तुमच्या घरात किंवा वर्गात आठवी-नववीचं असं मूल असेल, तर तपासणीसाठी याच महिन्यात जा. दहावीचे फॉर्म भरायची वेळ येईपर्यंत थांबू नका.