आबिड्समधील एक हवेची होडी

हैदराबादेस जाऊन आलेल्या मराठी माणसाला आबिड्स ठाऊक नाही, असे सहसा घडत नाही. जनरल पोस्टाची इमारत, तिच्यापुढचा गजबजलेला चौक, कापडाची आणि पादत्राणांची दुकाने, रविवारी फूटपाथवर पसरलेली जुनी पुस्तके, आणि गन फाउंड्रीच्या बाजूस वळले की दिसणारे सेंट जोसेफ कॅथेड्रल, एवढ्या खुणा सांगितल्या की हा भाग डोळ्यांपुढे उभा राहतो. सहावे निजाम मीर महबूब अली खान ह्यांच्या पदरी आल्बर्ट आबिद नावाचे एक आर्मेनियन गृहस्थ होते. त्यांनी येथे दुकान काढले. दुकान केव्हाच गेले. नाव मात्र लोकांच्या जिभेवर राहिले.

गन फाउंड्री ह्या नावामागेही इतिहास आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस निजामाच्या चाकरीत असलेल्या रेमाँ नामक फ्रेंच सेनानीने येथे तोफा ओतण्याचा कारखाना उभारला. लोक त्याला ‘तोप का सांचा’ म्हणत. आज तोफा ओतल्या जात नाहीत. परंतु जवळच्या जगदीश मार्केटात गेलात तर बिघडलेल्या मोबाइल फोनांवर वाकलेले तरुण कारागीर तापलेल्या सळईने केसाएवढ्या तारा जोडताना दिसतील. उष्णतेने वस्तू जोडावयाची आणि मोडलेली पुन्हा सांधावयाची, ही विद्या ह्या परिसरात वेष बदलून का होईना, टिकून राहिली आहे. तिचाच एक नवा प्रकार आम्हांला गेल्या उन्हाळ्यात पाहावयास मिळाला.

आमची धाकटी बहीण गन फाउंड्रीनजीकच्या एका गल्लीत राहते. तिच्या घरी आठ दिवस मुक्काम होता. गच्चीवरच्या खोलीत आमचा भाचा एका लांबलचक कापडाशी झटापट करीत होता. चौकशी करता कळले, की स्वारी होडी तयार करीत आहे. आणि तीही अशी, की हवा काढली असता घडी करून पाठीवरच्या पिशवीत मावावी. शेजारीपाजारी हसत. समुद्र शेकडो कोस दूर, आणि मुलगा होडी करतो! परंतु २०२० च्या ऑक्टोबरात ह्याच शहरातील अनेक वस्त्यांत पाणी शिरले आणि रस्त्यांवर होड्या फिरल्या, हे भाच्याने पाहिलेले होते. बहिणीचे म्हणणे मात्र वेगळे. ती म्हणाली, “दादा, त्याला होडी करू दे. पण ज्या होडीत माझा मुलगा बसणार, तिच्यावर आधी माझा विश्वास बसला पाहिजे.”

विश्वास बसावा कशावर? येथे लाकूड नाही, खिळा नाही, शिवणीचा टाकासुद्धा नाही. नायलॉनच्या कापडाच्या एका अंगास पॉलियुरेथेन नामक प्लास्टिकचा पातळ लेप असतो. दोन तुकड्यांची लेपाची अंगे समोरासमोर ठेवून वरून तापलेली इस्त्री दाबली, की दोन्ही लेप मऊ होऊन एकजीव होतात आणि निवताना घट्ट धरतात. खेळण्यातील विमानांना पातळ आवरण चढविण्यासाठी जी लहानशी इस्त्री मिळते, तीच ह्या कामी वापरतात. उष्णता साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आगेमागे लागते. कमी झाली तर लेप वरवर चिकटतो; जास्त झाली तर नायलॉनच जळू लागते, कारण ते स्वतः जातीप्रमाणे सुमारे २२० ते २६० अंशांच्या दरम्यान वितळते. हात फार जपून चालवावा लागतो, आणि खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात, कारण करपलेल्या प्लास्टिकचा धूर छातीला वाईट.

भाचा प्रत्येक दिवशी प्रथम दोन चिंध्या जोडून पाही आणि मग त्या ओढून सोडवी. “मामा, सांधा सुटला तर काम कच्चे,” तो सांगे. “सांधा राहिला आणि लेपच कापडावरून सोलून निघाला, तर काम पक्के.” ही कसोटी आम्हांला मोठी आवडली. जोड मूळ वस्तूहून बळकट झाला, ह्याची ती खूणच होय.

हैदराबादेला ही विद्या अगदीच अपरिचित नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ अर्धशतकाहून अधिक काळ ह्या शहरातून प्रचंड फुगे आकाशात सोडीत आले आहेत. त्या फुग्यांच्या पातळ पॉलिथिनच्या पाकळ्याही उष्णतेनेच जोडतात. तेथे सांधा उकलला तर लाखमोलाची उपकरणे खाली येतात. येथे उकलला तर माणूस पाण्यात पडतो.

सांध्यावर ओढ किती पडते, ह्याचा हिशेब आम्ही कागदावर मांडून पाहिला. होडीच्या कडेची नळी २८ सेंटिमीटर व्यासाची आहे आणि आतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा एक दशांश वातावरणाइतका अधिक आहे, असे धरा. तर सांध्याच्या प्रत्येक सेंटिमीटर लांबीला सुमारे १.४ किलो वजनाची ओढ बसते. तुकडे एकावर एक चढवून जोडले असतील, तर ही ओढ सांध्याच्या सबंध रुंदीवर वाटली जाते. परंतु कडा हात जोडल्याप्रमाणे समोरासमोर मिळविल्या असतील, तर सारा भार एका रेषेवर येतो. डकविलेल्या पाकिटाची झापड बाजूला सरकवून निघत नाही, पण टोक धरून वर उचलली की सहज सुटते. तोच हा प्रकार.

आणि घडलेही तसेच. होडी पुरी झाली, त्या दिवशी सकाळी भाच्याने ती गच्चीवर टणक फुगविली आणि कामावर निघून गेला. दुपारी फटकन आवाज झाला. मागच्या टोकाशी, जेथे दोन्ही बाजूंचे कापड हात जोडल्याप्रमाणे मिळाले होते, तेथे वीतभर सांधा उकलला होता. कारण उन्हात होते. कोंडलेली हवा २५ अंशांवरून ४५ अंशांवर गेली, तर तिचा जादा दाब १० एकके असेल तो १७ च्या जवळपास पोचतो. माणूस होडीत बसलाही नव्हता; हैदराबादचे ऊनच तिच्यावर बसले होते.

संध्याकाळी मुलाचा चेहरा उतरला. बहीण काही बोलली नाही. तिने चहा ठेवला आणि गल्लीच्या तोंडाशी सायकलचे पंक्चर काढणाऱ्या वृद्ध चाचांना वर बोलावून आणले. चाचांनी होडी उलटसुलट पाहिली, साबणाचे पाणी मागविले, आणि फाटलेल्या जागेकडे लक्ष न देता आधी उरलेले सांधे तपासावयास सांगितले. मोठे भोक तात्पुरते आवळून होडीत थोडी हवा भरली आणि सगळ्या कडांवर फेस फिरविला. तीन ठिकाणी बारीक बुडबुडे उठले. “हवा छुपती नै, साहब,” चाचा म्हणाले.

दुरुस्तीला दोन दिवस लागले. उकललेल्या कडांत धूळ गेली होती, म्हणून त्या धुऊन, स्पिरिटाने पुसून, पूर्ण वाळविल्या. बाहेरच्या अंगास लेप नसल्यामुळे तेथे इस्त्री उपयोगी नाही. म्हणून शेवटचा सांधा उघडाच ठेवून भाच्याने आत हात घातला आणि सांध्यावर आतून आडवी पट्टी बसविली. आता ओढ टोक उचलणारी राहिली नाही, ती पट्टीच्या रुंदीवर वाटली गेली. पट्टीचे कोपरे गोल कापले, कारण टोकदार कोपराच प्रथम सुटतो. इस्त्री फिरवून होताच बहिणीने स्वयंपाकघरातला वरवंटा आणून त्यावर ठेवला. गार दगडाने जोड दाबलाही गेला आणि निवालाही. बारीक भोकांवर बाहेरून पॉलियुरेथेनचा गोंद लावून एक दिवस हात लावला नाही. मग होडी खोलीत, सावलीत, चोवीस तास फुगवून ठेवली. दुसऱ्या सकाळी बहिणीने स्वतः अंगठ्याने दाबून पाहिली.

वाचकहो, कोंडलेल्या हवेच्या बळावर पाणी ओलांडण्याची कल्पना नवी नाही. निमरूदच्या असीरियन शिल्पपटांत फुगविलेल्या कातड्यांच्या आधाराने नदी पोहून जाणारे लोक कोरलेले आहेत. ती शिल्पे ख्रिस्तपूर्व नवव्या शतकातील आहेत. आपल्याकडेही वाळलेल्या भोपळ्यांची सांगड बांधून लोक नदी उतरत. इकडे दक्षिणेत वेताची गोल टोपली विणून तिला कातडे मढवीत; विजयनगरास १५२० च्या सुमारास आलेल्या डोमिंगो पाइस ह्या पोर्तुगीज प्रवाशाने तुंगभद्रेवरील अशा टोपलीहोड्यांचे वर्णन केले आहे. त्यांत पंधरावीस माणसे बसत आणि त्या सरळ न जाता गरगरत जात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पीटर हॅल्केट ह्या इंग्रज नौदल अधिकाऱ्याने अंगावर झग्यासारखी घालता येईल अशी रबरी कापडाची होडी तयार केली, आणि जॉन रे ह्या प्रवाशाने तशी होडी उत्तर ध्रुवाकडील प्रदेशात वापरली. आमच्या भाच्याची होडी ह्याच कुळातली.

आबिड्सहून थोडे दक्षिणेस चालत गेले की मुसी नदी लागते. उन्हाळ्यात तिच्याकडे पाहून कोणाला भय वाटणार नाही. परंतु २८ सप्टेंबर १९०८ रोजी हिनेच पात्र सोडून अफजलगंजचा परिसर गिळला. मृतांची संख्या सुमारे पंधरा हजार सांगतात. आजच्या उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातील एका चिंचेच्या झाडावर चढून दीडशे माणसे वाचली, असे सांगितले जाते. त्यानंतर पुण्यात शिकलेले अभियंता मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या ह्यांना पाचारण झाले आणि पुढे उस्मानसागर व हिमायतसागर हे जलाशय उभे राहिले. अर्थात पुराला उत्तर धरणांनी आणि नियोजनानेच द्यावयाचे असते, घरगुती होडीने नव्हे.

हे भाच्यालाही उमगले होते. बचावपथकांच्या होडीला अनेक स्वतंत्र कप्पे असतात. एक फुटला तरी इतर तारून नेतात. त्याच्या होडीच्या नळीला एकच कप्पा. म्हणून आईने अटी घातल्या, आणि त्याने त्या मान्य केल्या: वाहत्या किंवा पुराच्या पाण्यात जावयाचे नाही, अंगात तरंगजाकीट असल्यावाचून बसावयाचे नाही, आणि काठावर दोर धरून एक माणूस उभा पाहिजे.

आमच्या मुक्कामाच्या शेवटच्या रविवारी शहराबाहेर एका परिचितांच्या शेततळ्यात होडी सोडली. गार पाण्याचा स्पर्श होताच आतली हवा आकसून ती थोडी नरम पडली. भाच्याने तोंडाने आणखी हवा भरली. सुमारे तीनशे लिटर हवेची नळी! एवढे पाणी बाजूस सारले तर तीनशे किलोंचा भार तोलला जातो. भाचा दोन फेऱ्या मारून आला. मग बहिणीने चपला काढल्या, जाकीट चढविले आणि म्हणाली, “दादा, दोर तुम्ही धरा.” ती तळ्याच्या मध्यापर्यंत गेली, थोडा वेळ स्वस्थ बसली आणि हसतमुखाने परतली.

घरी आल्यावर भाच्याने एक वही दाखविली. प्रत्येक सांध्याची तारीख, इस्त्रीची उष्णता, चिंधीच्या कसोटीचा निकाल, उकललेला सांधा आणि त्याची दुरुस्ती, सारे तीत नोंदलेले होते. विकत घेतलेली वस्तू बिघडली की ती कोठे कच्ची होती हे आपल्याला कळत नाही. हाताने केलेल्या वस्तूचे दुबळे ठिकाण करणाऱ्यास ठाऊक असते, आणि तेथेच तो प्रथम हात फिरवितो. आपल्या घरांतील मुलांनी असले काही आरंभिले, तर गच्चीवरची खोली त्यांना अवश्य द्यावी. मात्र पाण्यात उतरण्यापूर्वी वही पाहावयास मागावी, आणि दोराचे टोक आपल्या हाती ठेवावे.