महागाईची नावे

लातूरच्या गंजगोलाईत १६ रस्ते येऊन मिळतात. तेथील दुकानांतून सावकाश फिरलात, तर महागाईची निरनिराळी नावे कानी पडतील. नुसते ‘महाग’ म्हणणारा अजून घासाघीस करण्यास तयार असतो. ‘अव्वाच्या सव्वा’ म्हणणाऱ्याला विक्रेत्याची लबाडी जाणवलेली असते. ‘चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला’ हा बोल वरखर्चाला असतो. ‘परवडत नाही’ यात मात्र वस्तूला दोष नसतो. बोलणारा स्वतःचीच ऐपत मोजत असतो. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले, तेव्हा ‘पाण्यासारखा पैसा’ हा शब्दप्रयोगही या शहरात अर्थहीन ठरला.

पुढे नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्यात लंगरच्या पंगतीत बसा. तेथे भाव विचारावाच लागत नाही. नंतर एखाद्या औषधांच्या दुकानापाशी थोडे थांबा. वडीलधारी माणसे येथे ‘महाग’ हा शब्द उच्चारीत नाहीत. ‘राहू द्या, आता बरं वाटतंय,’ एवढेच म्हणतात. अशाने रक्तदाबाची गोळी बंद होते, आणि रक्तदाब तर बहुधा कोणतेही लक्षण न दाखवता वाढतो.

शुश्रूषा करणाऱ्यांनी हे ‘राहू द्या’ ओळखावे. त्याच घटकाची जेनेरिक गोळी चालेल का, हे डॉक्टरांना विचारावे. जनऔषधी केंद्रात चौकशी करावी. आणि ज्येष्ठांनो, ‘परवडत नाही’ म्हणण्यात कमीपणा नाही. हा शब्द वेळेवर उच्चारला, तर उपचार न थांबविता मार्ग काढता येतो.