बोरगावची न्याहारी

सकाळचा चहा आणि दुपारचे जेवण यांच्या मधोमध जे खाणे होते, त्याला पुण्यामुंबईच्या उपाहारगृहांत हल्ली 'ब्रंच' म्हणतात. गाय बेरिंजर नावाच्या एका इंग्रज लेखकाने १८९५ साली एका साप्ताहिकात या प्रकाराची मोठ्या हौसेने वकिली केली होती. रविवारी उशिरा उठणाऱ्यांसाठी न्याहारी आणि जेवण एकत्र करून टाकावे, असे त्याचे मागणे होते. आमच्या सौसर-पांढुर्ण्याकडील शेतकऱ्याला अशी वकिली करावी लागली नसती. पहाटे औत घेऊन गेलेला माणूस दहा-अकराच्या सुमारास बांधावर बसे आणि घरून आलेली ज्वारीची भाकर व झुणका खाई. तीच त्याची न्याहारी. इंग्रजाचे ते खाणे उशिरा उठण्याचे होते, आमचे लवकर उठण्याचे; वेळ मात्र एकच.

ती न्याहारी आता बांधावरून उठून हमरस्त्यावर आली आहे. नागपूरहून छिंदवाड्याकडे निघाले की महाराष्ट्राची हद्द ओलांडल्यावर लवकरच बोरगाव लागते. पूर्वी ते छिंदवाडा जिल्ह्यात होते, २०२३ पासून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आहे. येथे औद्योगिक वसाहत आहे, रेमंडची कापड गिरणी आहे. त्यामुळे पाळी सुटलेल्या कामगारांची वर्दळ नित्याची. शनिवार आणि मंगळवार आला की जामसावळीच्या निजलेल्या मारुतीच्या दर्शनाला निघालेले नागपूरकर त्यात मिसळतात. अशा दिवशी सकाळी दहा वाजता रस्त्याकडेच्या हॉटेलात बाकावर जागा मिळणे हे पूर्वसंचिताचे फळ समजावे.

दिवाळीच्या सुटीतील अशाच एका शनिवारी, पुण्याहून आलेल्या माझ्या भाच्याला घेऊन मी तेथील एका हॉटेलात गेलो. नाव मुद्दामच सांगत नाही, कारण पुढे थोडी तक्रार आहे. बसायला जागा मिळण्यास पंचवीस मिनिटे लागली आणि पोहे समोर येण्यास आणखी वीस. आमच्या टेबलाशी रात्रपाळी करून आलेला एक तरुण कामगार डोळे मिटून बसला होता. पलीकडे एक नागपूरकर कुटुंब शनिवारच्या उपासाला साबुदाणा वडा चालतो, पण त्याच कढईतून निघालेला चालतो काय, यावर चर्चा करीत होते. पाण्याचे पेले ओशट होते. स्टीलच्या बशा जाऊन कागदी द्रोण आल्याने तर्री बोटांवरून थेट मनगटापर्यंत पोहोचत होती. शिवाय दुसऱ्यांदा मागविलेले पोहे गार निघाले. चार माणसांचे काम दोन माणसे करीत असल्यावर दुसरे काय होणार!

पण पहिली बशी! हरभऱ्याच्या उसळीची ती लालभडक, वर तेलाचा तवंग धरलेली तर्री नागपूरची. बाजूला ठेवलेली गरम जिलेबी आणि पोह्यांवरची शेव माळव्याकडची. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि मराठी बोलणारा आमचा हा पट्टा मध्य प्रदेशात राहिला. वडीलधाऱ्यांनी त्याबद्दल पुष्कळ हळहळ केली. या बशीत मात्र दोन्ही राज्ये कसलाही तंटा न करता नांदत होती. भाच्याने बशी चाटूनपुसून संपविली आणि म्हणाला, "मामा, हा तर ब्रंच झाला!"

मला खरी ओढ होती ती सांबारवडीची. थंडीची चाहूल लागून कोवळा सांबार बाजारात आला, की आमच्याकडे या वडीचे दिवस सुरू होतात. खसखस, खोबरे आणि ओंजळभर चिरलेला सांबार पोटात भरून तळलेली ती वडी वरून खुसखुशीत आणि आतून हिरवीगार असते. सोबत कढी असली म्हणजे मग माणसाने बोलू नये. मी गल्ल्यावरच्या मुलाला म्हणालो, "दोन सांबारवड्या दे." मालकाचा तो मुलगा असेल पंधरा-सोळा वर्षांचा. तो म्हणाला, "सर, वह नहीं है। धनिया वड़ी है।"

भट्टीमागे सांबार निवडत बसलेल्या त्याच्या आजीने तेथूनच आवाज दिला, "काहून रे पोट्ट्या, सांबाराचीच त आहे ना ते!"

भाचा हळूच म्हणाला, "मामा, सांबार वेगळं आणून देतील का?"

त्याच्या मनात दक्षिणेकडचे डाळीचे सांबार होते. घरात अस्खलित मराठी बोलणारा हा मुलगा. पण सांबार म्हणजे कोथिंबीर हे त्याला ठाऊक नव्हते. त्याची आई, माझी धाकटी बहीण, याच मुलखात वाढली; पुण्याला गेल्यावर तिनेही बाजारात कोथिंबीर मागायची सवय लावून घेतली असणार.

तेवढ्यात मालक आला. माझा जुना विद्यार्थी. त्याने दोन वड्या स्वतः आणून ठेवल्या. मी भिंतीवरच्या फळ्याकडे बोट दाखविले. तो ओशाळला नाही, कारण त्याचे कारण अगदी चोख होते. "सर, अगोदर सांबारवडीच लिहिलं होतं. बाहेरचं गिऱ्हाईक प्लेट पाहून म्हणे, सांबर कहाँ है? चार-पाच प्लेटा वापस आल्या. तेलाचा भाव पाहता वापस प्लेट परवडत नाही."

यावर मी काय बोलणार? आपण संमेलनांतून भाषेवरील आक्रमणांबद्दल बोलतो. येथे कोणी आक्रमण केले नव्हते. चार-पाच बशा परत आल्या आणि एक शब्द फळ्यावरून उतरला, इतकेच. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा मी आमच्या हिंदी माध्यमाच्या शाळेत शिक्षकांना पेढे वाटले होते. ज्या रिद्धपुरात म्हाइंभटाने तेराव्या शतकात लीळाचरित्र सिद्ध केले, ते पांढुर्ण्याहून वरूड-मोर्शीच्या वाटेने एका दिवसात जाऊन येण्याजोगे आहे, हेही मी मुलांना त्या दिवशी सांगितले. मुलांनी टाळ्या वाजविल्या. पण गल्ल्यावरचा हा मुलगा आजीची मराठी पुरती समजतो आणि उत्तर हिंदीत देतो. त्याला दर्जाचा कोणता कागद दाखवावा? आणि पुण्याच्या भाच्याला तरी काय दाखवावे? बाहेरच्या गिऱ्हाइकाने जो प्रश्न विचारला, तोच त्याने शुद्ध मराठीत विचारला होता.

वडी मात्र उत्तम होती. कढी आंबट-गोड, बेताची.

मी मालकाला सुचविले, "धनिया वडी राहू दे. खाली बारीक अक्षरांत सांबारवडीही लिही."

"फळ्यावर जागा कुठं आहे, सर?"

जागा खरोखरच नव्हती. पोह्यांपासून स्पेशल चहापर्यंत फळा खचाखच भरला होता, आणि तळाची सबंध ओळ 'उधार बंद है' या घोषणेने अडविली होती. मी त्या ओळीकडे पाहिले. तो हसून म्हणाला, "ते पुसलं त हॉटेलच बंद होईल ना, सर!"

एव्हाना पुढचे कुटुंब आमच्या बाकाला हात लावून उभे राहिले होते. घरी न्यायला चार वड्या मागितल्या. आजीने आतून सांगितले, "सरांले सांबाराच्या चार बांध रे." या वेळी मुलाने काही विचारले नाही, मुकाट्याने कागदात चार वड्या बांधल्या आणि चिठ्ठीवर हिशेब मांडला : 'ध. व. – ४'.