गुठळी नव्हे, गाठ!

फुप्फुसाच्या धमनीत यकृतातली गाठ! दोन दिवस झाले, ते चित्र डोळ्यांसमोरून हलत नाही.

अमेरिकेत रेडिओलॉजी शिकायला लागून मला काहीच महिने झालेत. यकृताचा कॅन्सर बराच पुढे गेलेल्या एका रुग्णाला अचानक धाप लागली. फुप्फुसात गुठळी अडकली असावी, अशी शंका. गुठळीचा इशारा देणारा रक्तातला डी-डायमर वाढलेला, पण कॅन्सरमध्ये तो एरवीही वाढलेलाच असतो, त्यावरून काय कळणार? रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आयएनआरही वाढलेला. यकृत थकलं की रक्त आपोआप पातळ, मग गुठळी कुठून होणार, असं मी धरूनच चालले होते. साफ चूक! रक्त गोठवणारी प्रथिनं यकृत बनवतं, तशी गोठणं रोखणारीही तेच बनवतं. दोन्ही घटली की पारडं कुठेही झुकतं.

फुप्फुसाच्या धमन्यांचा सीटी झाला. २००६ च्या ‘पायोपेड-२’ अभ्यासात या तपासणीनं गुठळी असलेल्या शंभरातले ८३ रुग्ण अचूक पकडले होते, हे मला पाठ. पांढऱ्याशुभ्र धमनीत काळसर तुकडा दिसला आणि मी ‘गुठळी’ लिहायला घेतलं.

“थांब,” शेजारी बसलेल्या, आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या. “यकृताचा स्कॅन उघड. खालून वर ये.”

आले खालून वर. यकृतातली गाठ. ती यकृताच्या शिरेत घुसलेली. तिथून पोटातल्या महाशिरेत, आणि पुढे थेट हृदयाच्या उजव्या कप्प्यात तिचं टोक! स्कॅनसाठी टोचलेलं कॉन्ट्रास्ट द्रव्य यकृताच्या धमनीत पोचताच महाशिरेतला तो सगळा ऐवज उजळत होता. आत केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांच्या रेघा! साध्या गुठळीला कुठल्या आल्यात रक्तवाहिन्या? ती काळीच राहते. स्कॅनच्या पुढच्या टप्प्यात तो उजळपणा ओसरला, अगदी मूळ गाठीसारखाच. मग पुन्हा फुप्फुसाकडे गेले. तुकडा अडकलेली फांदी फुगलेली, मण्यांच्या माळेसारखी. मघाशी ती मला दिसलीच नव्हती!

माझे हात थरथरत होते. कारण रक्त पातळ करणारं औषध गुठळीला आवरतं, गाठ त्यानं विरघळत नाही. उलट अशा रुग्णाच्या अन्ननलिकेतल्या शिरा आधीच फुगलेल्या असतील, तर रक्तस्राव ओढवायचा. कधी गाठ आणि गुठळी एकत्रही असतात, तेव्हा तर आणखी जपून. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना मॅडमनी तिथूनच फोन लावला.

काल संध्याकाळी निघता निघता यकृताचा आणखी एक स्कॅन आला. बॅग खांद्यावरच होती. मी सगळ्यात आधी हृदयाचा उजवा कप्पा पाहिला.