गांधी बाजारची पिशवी

10 नोव्हेंबर 2024, रविवार
बंगळूरच्या गांधी बाजारात पालेभाजी घ्यायला भाषा फारशी लागत नाही. शेपू वासावरून कळतो, मेथी पानावरून. घोडं अडतं भावापाशी. भाजीवाल्या अज्जी 'इप्पत्तु' (वीस) म्हणाल्या की मी नुसती बघत राहते. पैसे पाठवले की टोपलीमागचा पेमेंटचा डबा कन्नडमध्ये रक्कम मोठ्याने बोलतो आणि माझी उजळणी होते. टोमॅटोचे दोन ढीग असतात, नाटी आणि हायब्रीड. नाटी म्हणजे गावरान. आंबट, सारासाठी तोच. लगेच मऊ पडतो, म्हणून थोडाच घ्यायचा.

17 नोव्हेंबर
ज्वारीचं पीठ आणलं. भाकरी थापताच चिरली, पिठाची विरी गेलेली. इकडे खप नाचणीचा, त्यामुळे तिचं पीठ ताजं. ज्वारीचं पाकीट कधी बांधलेलं कोण जाणे. ॲपवर गोडा मसाला मिळतो, कोकम मिळतं, बाकरवडी मिळते. सोलापूरच्या माणसाने त्याचं काय करायचं? आमच्याकडे काळा मसाला. 'महाराष्ट्रीयन' म्हणून परगावी जे पोचतं ते पुणं, मुंबई नाहीतर कोकण.

25 नोव्हेंबर, सोमवार
कार्तिकातला शेवटचा सोमवार, म्हणजे बसवनगुडीत कडलेकाई परिषे, शेंगांची जत्रा. एक बैल रात्री येऊन शेतातल्या शेंगा फस्त करायचा, म्हणून शेतकऱ्यांनी पहिलं पीक दोड्ड बसवण्णाला, म्हणजे इथल्या मोठ्या नंदीला, वाहायला सुरुवात केली, अशी कथा. बुल टेंपल रोडच्या दुतर्फा नुसते ढीग: कच्च्या, भाजलेल्या, उकडलेल्या. तराजू नाही, सेराचं माप. कोण शीग लावून देतो ते बघत बरीच हिंडले. भाजलेल्या घेतल्या, चटणीसाठी. लसूण-तिखट घालून तेल सुटेपर्यंत कुटायचं तर खलबत्ता हवा, आणि तो सोलापुरात राहिलाय.

1 डिसेंबर
चटणीचं बोलणं निघालं तसं शेजारच्या काकूंनी उत्तर कर्नाटकच्या दुकानाचा पत्ता दिला. गेले, तर समोर जोळद रोट्टीच्या, म्हणजे ज्वारीच्या भाकरीच्या, चळती! शेंगाचटणी, कारळ्याची, जवसाची. पोत्यात मालदांडी ज्वारी, हवी तेवढी दळून देतात. मी मोडक्या कन्नडमध्ये सुरू केलं, तर मालक म्हणाले, "सोलापूरच्या का तुम्ही? मराठीत बोला की, अक्का." ते विजयपूरचे. आमच्यापासून विजयपूर शंभरेक किलोमीटर, बंगळूरहून पाचशेच्या वर. इकडच्या सांबारात गूळ का घालतात, हे त्यांनाही कळलेलं नाही. "इथं मी बी बाहेरचाच," म्हणाले. मराठी मंडळींत शोधत बसले होते ते घर इथे कन्नड पाटीखाली सापडलं. भाकरी रात्री टम्म फुगली.

5 जानेवारी 2025
बाजारभर अवरेकाईचा वास. आपल्या पावट्याचीच बहीण, पण हिच्या शेंगेचा तेलकटपणा हाताला लागतो आणि वास उग्र असेल तितकी गिऱ्हाइकं खूश. मागडीकडची आहे असं सांगितलं की भाव चढतो. दाणे भिजवून, चिमटीत दाबून, सालं काढलेलेही विकायला असतात. बिरड्यासाठी वाल सोलत बसलेल्या कुणालाही ते महाग वाटणार नाहीत.

13 जानेवारी, भोगी
बाजरीच्या भाकरीला तीळ लावले. विजयपूरकरांकडे तीळ लावलेल्या सज्जे रोट्टीसाठी रांग होती, म्हणजे भोगी तिकडेही अशीच. भाजीला वांगं, गाजर, बोरं, ओला हरभरा सगळं मिळालं. पावट्याच्या जागी अवरेकाई, आणि भाजी त्यानेच सुधारली. उद्यासाठी एळ्ळू-बेल्ल करायचंय: तीळ, गुळाचे खडे, खोबरं, शेंगदाणे, डाळं. लाडू वळायचा नाही; मिश्रणच वाटायचं, सोबत साच्यातली साखरेची चित्रं. ह्यांचं म्हणणं, हे तर लाडू वळायच्या आधीच सोडून दिलेलं काम. काकूंनी बजावलंय, तयार पाकीट आणू नका, खोबरं घरीच बारीक चिरा. चिरायला बसले आहे. ह्यांनी तोवर वाटीभर डाळं संपवलं.