हुजूर, मजूर आणि रांगेतली माणसे

इंग्लंडच्या राजकारणाशी आमची पहिली ओळख झाली ती एका यमकातून. तिकडे दोन पक्ष आहेत. एक हुजूर, दुसरा मजूर. हे शब्द मराठीत ज्याने रुजवले त्याला आमचा दंडवत असो. परक्या देशाची सारी राज्यव्यवस्था त्याने दोन शब्दांच्या जोडीत अशी बांधून टाकली की शाळकरी पोरालाही ती विसरता येऊ नये. मात्र यमकाचा एक दोष असतो. त्यात तिसऱ्याला जागा नसते.

२०१० साली आम्ही पुण्यात बी.ए.च्या परीक्षेला बसलो, तेव्हा राज्यशास्त्राच्या पेपरात ब्रिटिश राज्यघटनेच्या वैशिष्ट्यांवर प्रश्न आला होता. आम्ही भराभर लिहीत सुटलो. मतदारसंघात ज्याला एक मत अधिक तो निवडून येतो; म्हणून दोनच पक्ष टिकतात; म्हणून एकाला स्पष्ट बहुमत मिळते; म्हणून सरकार स्थिर राहते. या तीन 'म्हणून'च्या जोरावर आम्ही निर्धास्तपणे गावी गेलो आणि ८ मे रोजी वर्तमानपत्र उघडून पाहतो तो काय! ६ मेच्या मतदानात हुजूर पक्षाला ३०६, मजूर पक्षाला २५८ आणि यमकात न बसणाऱ्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाला ५७ जागा मिळाल्या होत्या. एकूण जागा ६५०; बहुमताला ३२६ हव्या होत्या. आमचे तिन्ही 'म्हणून' एका रात्रीत कोसळले. परीक्षकांनी बहुधा वर्तमानपत्र वाचले नसावे, कारण गुण मात्र चांगले पडले.

ही जुनी हकीकत आठवण्यास निमित्त झाले ते २०२४ च्या जून महिन्याचे. आपल्याकडील लोकसभेचे निकाल लागले, कोणत्याही एका पक्षाला स्वबळावर २७२ चा आकडा गाठता आला नाही, आणि दुसऱ्या दिवशी दिल्लीतील आमच्या कार्यालयात चहाच्या वेळी 'त्रिशंकू' हा शब्द मुक्तपणे फिरू लागला. संध्याकाळी तो आम्ही आमच्या वसाहतीतील नानांच्या कानी घातला. नाना सेवानिवृत्त अवर सचिव. चिरंजीवांच्या क्वार्टरमध्ये राहतात आणि शब्द वापरण्याच्या बाबतीत अजूनही मसुदा तपासावा तसे काटेकोर आहेत.

"अहो, आघाडी मतदानाच्या आधी जाहीर झाली होती की नाही?" नाना म्हणाले. "मग मत देणाऱ्याला ठाऊक होते कोण कोणाबरोबर बसणार ते. याला त्रिशंकू म्हणू नका. त्रिशंकू मी पाहिला आहे, १९७४ साली, लंडनला."

नाना त्या काळी ऑल्डविचच्या इंडिया हाउसमध्ये असिस्टंट होते. तो हिवाळा त्यांच्या स्मरणात आहे तो मेणबत्त्यांचा म्हणून. कोळसा खाणींतील कामगारांनी जादा काम थांबवलेले, विजेची टंचाई, १ जानेवारीपासून कारखान्यांना आणि कचेऱ्यांना आठवड्यातून तीनच दिवस वीज. फेब्रुवारीत खाणकामगार संपावर गेले, तेव्हा पंतप्रधान एडवर्ड हीथ यांनी निवडणूक पुकारून लोकांना थेट प्रश्न टाकला: या देशावर राज्य कोणाचे? २८ फेब्रुवारीला लोकांनी उत्तर दिले, पण ते असे, की कोणालाच वाचता येऊ नये. हुजूर पक्षाला मजूर पक्षापेक्षा सुमारे सव्वादोन लाख मते अधिक आणि जागा चार कमी. २९७ विरुद्ध ३०१. लिबरल पक्षाला साठ लाख मते आणि जागा १४!

"आणि लोक काय करीत होते?" आम्ही विचारले.

"लोक? शनिवारी मी डाउनिंग स्ट्रीटवर जाऊन उभा राहिलो. तेव्हा त्या गल्लीला ती लोखंडी फाटके नव्हती, कोणीही जावे. बरीच माणसे जमली होती. कोणी ओरडत होते, पण पुष्कळशी नुसती पाहत होती, आपल्याकडे वरात जाताना पाहतात तशी. लिबरलांचे थॉर्प आत गेले, बाहेर आले. हीथसाहेब शुक्रवारी गेले नाहीत, शनिवारी गेले नाहीत, रविवारीही नाहीत. सोमवारी संध्याकाळी गेले. आमच्या घरमालकीणबाईंनी शुक्रवारीच दोन डझन मेणबत्त्या आणून ठेवल्या. म्हणाल्या, सरकार कोणाचे ते ठरेल तेव्हा ठरेल, दिवे केव्हा लागणार ते मला कोणी सांगत नाही."

मग नानांनी आम्हांला त्रिशंकूची कथा नव्याने समजावली. विश्वामित्राने वर ढकलले, इंद्राने खाली ढकलले आणि मध्ये उलटा लोंबकळला तो राजा. "अयोध्येची प्रजा कुठे लोंबकळली? ती आपापल्या घरी होती. हीथ लोंबकळले. आम्ही मेणबत्त्या लावून जेवलो." थॉर्प यांच्याशी जमले नाही, विल्सन आले, संप मिटला, दिवे लागले, आणि त्याच वर्षी १० ऑक्टोबरला लोकांना पुन्हा मतदान करावे लागले, तेव्हा मजूर पक्षाला कसेबसे तीन जागांचे बहुमत मिळाले.

नानांचे हे म्हणणे ऐकावयास गोड आहे, पण आम्हांला ते पुरते पटले नाही. याचे कारण आमचा मावसभाऊ.

२०१० साली तो उत्तर इंग्लंडमधील एका विद्यापीठात शिकत होता. आपल्यापैकी पुष्कळांना कदाचित ठाऊक नसेल, पण तेथे वास्तव्य करणाऱ्या राष्ट्रकुलातील नागरिकाला, म्हणजे भारतीयालाही, पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देता येते. आमच्या बंधुराजांनी नाव नोंदवले होते. त्याला लिबरल डेमोक्रॅटांना मत द्यावयाचे होते, कारण त्यांच्या उमेदवारांनी विद्यापीठांची फी वाढू देणार नाही अशी लेखी प्रतिज्ञा केली होती. वास्तविक परदेशी विद्यार्थ्यांची फी निराळी. त्याचा त्या प्रतिज्ञेशी काडीचाही संबंध नव्हता. परंतु ज्या घरात तो राहत होता तेथील चार इंग्रज मुलांचा होता, आणि एका चुलीवर शिजवून खाणाऱ्यांचे पक्षही बहुधा एकच होतात.

प्रयोगशाळेतून निघून तो रात्री नऊच्या सुमारास मतदान केंद्रावर पोचला. रांग रस्त्यापर्यंत आली होती. दहा वाजले आणि दार बंद झाले. रांगेतली माणसे बाहेर राहिली. आमच्याकडे पहाटेचे अडीच वाजले होते तेव्हा त्याचा फोन आला. तो रागावला असता तर आम्हांला बरे वाटले असते. तो फक्त इतकेच म्हणाला, "अरे, मी तिथेच होतो रे."

असे घडलेला तो एकटाच नव्हता. शेफिल्ड, मँचेस्टर, लंडनमधील हॅकनी, अनेक ठिकाणी हे झाले. निवडणूक आयोगाच्या चौकशीत अशा मतदारांची संख्या बाराशेहून अधिक निघाली. लोकांनी तेथेच ठाण मांडले, आरडाओरडा केला, भ्रमणध्वनीवर चित्रे घेतली. ज्या देशाकडून आपण मतपेटी घेतली त्या देशात दहाच्या ठोक्याला दार लावून घेणे हाच कायदा होता.

येथे थोडे विषयांतर करण्याची परवानगी असावी. २५ मे २०२४ रोजी दिल्लीतील मतदानाच्या दिवशी आम्ही एका केंद्रावर मतदान अधिकारी म्हणून कामावर होतो. उन्हाने अंगाची लाही होत होती. सायंकाळी सहा वाजता केंद्राध्यक्षांनी सह्या केलेल्या चिठ्ठ्या आमच्या हाती दिल्या आणि आम्ही रांगेच्या शेवटाकडे चालत गेलो. चिठ्ठ्या शेवटच्या माणसापासून वाटावयाच्या असतात; पहिला क्रमांक त्याला, दुसरा त्याच्या पुढच्याला. म्हणजे सहानंतर मागे कोणी येऊन उभा राहू शकत नाही आणि सहाच्या आत आलेला कोणी सुटत नाही. त्या दिवशी शेवटी एक म्हातारेबुवा होते. एक क्रमांकाची चिठ्ठी हातात पडताच आपल्याला सर्वांच्या आधी सोडणार असे वाटून ते पुढे निघाले. त्यांना समजावता समजावता आमची पुरेवाट झाली. पण चिठ्ठ्या वाटताना आम्हांला ते पहाटे अडीचचे वाक्य आठवत होते. इंग्लंडनेही पुढे कायदा बदलला. २०१३ च्या कायद्याने दहा वाजता रांगेत असलेल्याला मत देता येऊ लागले. मावसभावाच्या मताला मात्र तो लागू होणे शक्य नव्हते.

आता पुन्हा २०१० कडे. निकालानंतरचे पाच दिवस आम्ही गावी बसून दूरदर्शनसंचासमोर काढले, आणि तेव्हा जे कळले नाही ते पुढे सरकारी नोकरीत शिरल्यावर कळले. पराभूत गॉर्डन ब्राउन पंतप्रधानांच्या घरातच होते. एका खपाऊ वृत्तपत्राने त्यांना दुसऱ्याच्या घरात घुसून बसलेला माणूस ठरवले, आणि ते वाचून पुष्कळ लोक हसलेही. वास्तविक ते नियमाने बसले होते. नवा माणूस रुजू झाल्याखेरीज जुन्याला कार्यभार सोडता येत नाही, हे आपल्याला कोणी सांगावयास नको. बदलीचा हुकूम खिशात घेऊन 'रिलीव्हर'ची वाट पाहत महिना महिना बसलेले आपल्यात किती तरी असतील. कॅबिनेट सेक्रेटरी सर गस ओडॉनेल यांनी या प्रसंगाची तयारी आधीच करून ठेवली होती. बहुमत कोणालाच मिळाले नाही तर काय करावयाचे याचे प्रकरण फेब्रुवारीतच लिहून झाले होते. इतकेच नव्हे, तर अधिकाऱ्यांनी निरनिराळ्या पक्षनेत्यांच्या भूमिका घेऊन वाटाघाटींची रंगीत तालीमसुद्धा केली होती. कारकुनी पेशाविषयी अभिमान वाटावा असे प्रसंग आमच्या वाट्याला थोडे येतात. हा त्यांपैकी एक.

पण दार लावून आत चाललेल्या त्या वाटाघाटी बाहेर उभ्या असलेल्यांना कशा दिसत होत्या? ८ मे रोजी, शनिवारी, हजारभर माणसे जांभळे कपडे घालून ट्रफाल्गर चौकात जमली आणि लिबरल डेमोक्रॅट खासदारांची बैठक चालू होती त्या इमारतीसमोर गेली. मतदानाची पद्धत बदला, मतांच्या प्रमाणात जागा द्या, आमची मते विकू नका, हे त्यांचे मागणे. आमचा मावसभाऊ त्या गर्दीत होता. मत देता आले नाही, निदान ओरडून तरी यावे, म्हणून शेजारणीचा जांभळा रुमाल मागून घेऊन तो लंडनला गेला होता. निक क्लेग बाहेर आले आणि कर्णा हाती घेऊन त्यांनी लोकांचे आभार मानले. "माणूस चांगला वाटतो," असा त्याचा अभिप्राय आला. ११ मे रोजी संध्याकाळी ब्राउन पत्नीचा आणि दोन लहान मुलांचा हात धरून त्या घरातून बाहेर पडले, तेव्हा तीन दिवस त्यांना हसणारेही गप्प झाले, असे त्याने आवर्जून कळवले. त्याच रात्री डेव्हिड कॅमेरन पंतप्रधान झाले, क्लेग उपपंतप्रधान.

पुढचे आपण जाणताच. ९ डिसेंबर २०१० रोजी कॉमन्स सभेने फीची मर्यादा ३,२९० पौंडांवरून ९,००० पौंडांवर नेली. प्रतिज्ञेवर सह्या केलेल्यांपैकी कित्येकांनी बाजूने मत दिले. बाहेर विद्यार्थ्यांचा लोंढा होता आणि पोलिसांचे घोडे होते. मतदानाच्या पद्धतीवर ५ मे २०११ रोजी सार्वमत झाले खरे, पण सरकारने पुढे ठेवलेली पर्यायी पद्धत जांभळ्या रुमालवाल्यांना हवी असलेली नव्हतीच. शेकडा ६८ मते विरुद्ध पडली आणि शेकडा ५८ लोक मतदानालाच गेले नाहीत. २०१२ मध्ये क्लेग यांनी प्रतिज्ञेबद्दल जाहीर क्षमा मागितली, तर त्या क्षमेचेही कोणी गाणे करून टाकले. आणि २०१५ मध्ये लिबरल डेमोक्रॅटांच्या ५७ जागांच्या ८ झाल्या. हुजूर पक्षाला मात्र स्पष्ट बहुमत मिळाले.

आमच्या मनात येथे एक सल आहे. सरकार कोणाचेच बनत नव्हते, युरोपात ग्रीसच्या कर्जाने हाहाकार उडाला होता, अशा वेळी जो धाकटा पक्ष पुढे होऊन खांदा द्यावयास तयार झाला, नेमका त्यालाच लोकांनी तुडवावे, हा न्याय नव्हे असे आमच्यातला कारकून म्हणतो. आणि लगेच रांगेत उभा राहिलेला मावसभाऊ आठवतो. त्याच्या घरातल्या चार मुलांनी जे मत दिले होते ते एका लेखी शब्दावर दिले होते. दार लावून आत तो शब्द सोडून देण्यात आला, आणि सोडताना त्यांना कोणी विचारले नाही. नाना म्हणतात तशी प्रजा आपल्या घरी होती हे खरे. पण घरी असलेल्याच्याही खिशातून काही जाऊ शकते.

२०१७ चा प्रसंग थोडक्यातच सांगण्याजोगा आहे. थेरेसा मे यांनी तीन वर्षे आधीच निवडणूक जाहीर केली, तेव्हा ब्रिस्टलमधील एका वृद्ध बाईंनी दूरदर्शनच्या कॅमेऱ्यासमोर 'आणखी एक?' अशा अर्थाचा जो वैताग व्यक्त केला तोच पुष्कळांचा होता. हातचे बहुमत गेले, आणि उत्तर आयर्लंडच्या डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाचे १० खासदार गोळा करावे लागले. पैशाचे झाड कोठे उगवत नाही असे मे बाईंनी प्रचारात एका परिचारिकेला ऐकवले होते. महिना उलटण्यापूर्वी उत्तर आयर्लंडसाठी एक अब्ज पौंड निघाले, तेव्हा ते झाड सापडल्याबद्दल लोकांनी त्यांचे मनःपूर्वक अभिनंदन केले. इंग्रज माणूस चिडला की थट्टा करतो. आपल्याकडे उलट आहे.

नानांना आम्ही मावसभावाची ही सारी हकीकत ऐकवली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, "मग २०१५ ला त्याने काय केले?"

२०१५ पर्यंत त्याला तेथे नोकरी लागली होती. ७ मे रोजी मतदान सकाळी सात वाजता सुरू व्हावयाचे होते. हा गडी पावणेसातलाच दारात जाऊन उभा राहिला. रांग वगैरे काही नव्हती. एक म्हातारी कुत्रा घेऊन आली होती, ती दुसरी. आतल्या माणसाने दार उघडून त्याला इतक्या लवकर येण्याचे कारण विचारले, तर म्हणाला, "मागच्या वेळी जरा उशीर झाला होता."

मत कोणाला दिले ते त्याने आम्हांला अद्याप सांगितलेले नाही.