हातचा एक

दहावी-बारावीचे निकाल लागले, की आमच्या देवळीत दोनच प्रश्नांची चर्चा असते: पाऊस केव्हा पडणार, आणि पोराने गणित घ्यावे की सोडावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोणाजवळच नसते. दुसऱ्याचे माझ्याजवळ असते, असा गावाचा प्रेमळ गैरसमज आहे.

वास्तविक या कामाला माझ्याइतका अपात्र माणूस शोधून सापडायचा नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. (आमच्याकडे दहावीला अजून मॅट्रिकच म्हणतात, त्यात जरा भारदस्तपणा आहे.) पोटासाठी एका लहानशा शाळेत बालगोपाळांना पाढे आणि बाराखडी शिकवतो, आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. पण माझी ओसरी रस्त्यावर आहे, चहा फुकट आहे, आणि कादंबऱ्या लिहिणाऱ्याला माणसाच्या मनातले कळते अशी एक समजूत आहे. त्यामुळे जून महिन्यात माझ्या ओसरीला कचेरीचे रूप येते. वर्ध्याची महाविद्यालये बसने फार दूर नाहीत. २०२४ साली तर वर्ध्याहून देवळीमार्गे कळंबपर्यंत आगगाडीही धावू लागली. पण कोणत्या दारातून आत शिरायला कोणती किल्ली लागते, हे सांगणारी खिडकी कोणत्याच स्टेशनावर नसते.

म्हणून मी एक वही ठेवली आहे. तिच्यात दारे आणि किल्ल्या लिहिल्या आहेत. अभियांत्रिकीला जायचे तर राज्याच्या प्रवेश परीक्षेत २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे. भौतिक आणि रसायन बिचारे पन्नास-पन्नासांत समाधान मानतात. औषधनिर्माणशास्त्राला गणित किंवा जीवशास्त्र, दोहोंपैकी काहीही चालते. कृषी पदवीचेही तसेच. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत भूदलाकडे कोणत्याही शाखेचा बारावी पास जाऊ शकतो. पण विमान उडवायचे किंवा बोटीवर जायचे, तर भौतिक आणि गणित हवेच. कोलकात्याच्या संख्याशास्त्र संस्थेत पदवीला जायचे तर बारावीला गणित पाहिजे. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्राची ऑनर्स पदवी घ्यायची तरी गणित पाहिजे, हे ऐकून कला शाखेवाले चपापतात. उलट सनदी लेखापालाला बारावीच्या गणिताची सक्ती नाही. पण पहिल्याच पायरीवर गणिताची एक प्रश्नपत्रिका त्याची वाट पाहत असते!

आता वाचकहो, खरी मेख इथेच आहे. दाराची किल्ली वेगळी आणि आतला जिना वेगळा. किल्ली कागदावर असते, जिना डोक्यात असतो. मी मुलांना बेरीज शिकवतो तेव्हा एकं-दहंची घरे आखून देतो. एकंच्या घरात सात आणि आठ, पंधरा. पाच मांडले, हातचा एक. हा हातचा मोठा चमत्कारिक प्राणी आहे. तो उत्तरात कुठे दिसत नाही, पण विसरलात तर पुढचे घर चुकते. गणिताचा सगळा अभ्यासक्रम म्हणजे असे हातचे पुढे नेणे आहे. पाचवीतला अपूर्णांक सातवीतल्या बीजगणितात न्यावा लागतो, ते बीजगणित दहावीच्या वर्गसमीकरणात, ते पुढे त्रिकोणमितीत आणि कलनात. इतिहासात शिवकाल कच्चा राहिला तरी पेशवाई समजून घेता येते. गणितात ती सोय नाही.

सरकारलाही हा हातचा छळतो. केंद्रीय मंडळाने २०२०च्या दहावीच्या परीक्षेपासून गणिताच्या दोन प्रती केल्या, एक बेसिक आणि एक स्टँडर्ड. मूळ नियम असा, की बेसिकवाल्याला अकरावीला नेहमीचे गणित मिळायचे नाही. पुढे त्यात सवलती आल्या. २०२१ साली तंत्रशिक्षण परिषदेच्या पुस्तिकेत अभियांत्रिकीच्या प्रवेशाला बारावीच्या गणिताची सक्ती नसावी असे आले, तेव्हा केवढा गहजब झाला! मग खुलासा झाला, की गणित महत्त्वाचेच आहे, ज्यांचे राहिले असेल त्यांच्यासाठी ब्रिज कोर्स ठेवावा. आणि २०२४ साली आपल्या राज्याच्या नव्या आराखड्यात अशी सूचना आली, की गणित-विज्ञानात पस्तिसाऐवजी वीस गुणांवर मूल पुढे जावे, मात्र गुणपत्रिकेवर शेरा असावा की या विषयांचे दार त्याला बंद. दार उघडा, दार लावा. जिना आपला तिथेच.

दहावीनंतर पॉलिटेक्निक करून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात शिरलेला एक मुलगा माझ्याकडे आला होता. पहिले वर्ष वाचले म्हणून घरात पेढे वाटले होते. पण एम-वन आणि एम-टू ही गणिताची दोन पुस्तके त्याच पहिल्या वर्षात होती, आणि हाती पडले एकदम एम-थ्री! "गुरुजी, वर्गात सर मराठी बोलत नाहीत, इंग्रजी बोलत नाहीत, भलतंच काही बोलतात," तो म्हणाला. मी त्याला म्हटले, "बाबा, कोणाकडून तरी पहिल्या वर्षाची वही माग, आणि दिवाळीच्या सुट्टीत मागचे घर सारव."

माझी स्वतःची एक परीक्षा आहे. गुणपत्रिका मी बाजूला ठेवतो आणि लिफाफ्याच्या पाठीवर एकच गणित घालतो. "सव्वादोन एकरांत अठरा क्विंटल कापूस निघाला, एकरी किती?" उत्तराकडे माझे फारसे लक्ष नसते. मूल काय करते, ते मी बघतो. कोणी विचारते, "सूत्र कोणतं?" कोणी घाईने उत्तर ठोकून माझ्या चेहऱ्याकडे पाहते. कोणी चुकते, थांबते, खोडते, पुन्हा मांडते. हे शेवटचे मूल मला आवडते. गणित त्याला येत असो नसो, गणिताशी त्याचे भांडण मिटण्यासारखे आहे.

एका शेतकऱ्याची मुलगी आली होती. बाप म्हणाला, "गुर्जी, पोरगी गनित सोडतो म्हन्ते. वर्ध्याची शिकवनीही परवडत नाई." मी कापसाचे गणित घातले. तिने लिफाफा हातातही घेतला नाही. म्हणाली, "सव्वादोन म्हंजे नऊ पाव. अठराले नवानं भागलं, दोन आले. ते पावाचे. एकराचे आठ." मी विचारले, "मग सोडतेस का?" तर ती म्हणते, "मले गनित येत नाई गुर्जी, मले फक्त हिशेब येते!"

शाळेने गणित आणि हिशेब यांच्यात किती उंच भिंत बांधली आहे, ते मला त्या दिवशी कळले. मी बापाला सांगितले, जीवशास्त्र घेऊ दे, पण गणितही ठेव. एक किल्ली जास्त असली तर कंबर मोडत नाही. तिने दोन्ही घेतले. आता ती वर्ध्याला गणित घेऊन बी.एस्सी. करते आहे. कधीमधी वही दाखवायला येते. त्यातले मला अक्षर कळत नाही, पण मी मान डोलावतो.

सगळ्याच गोष्टी अशा गोड होत नाहीत. माझा एक बालमित्र होता. 'होता' म्हणतो, कारण तो आता ओसरीवर येत नाही. त्याच्या मुलाला दहावीच्या गणितात चांगले गुण होते. पण कापसाच्या गणितापाशी तो गप्प बसला, आणि सूत्र मिळेना म्हणून घामाघूम झाला. मग मी सहज कपाशीचा विषय काढला. तशी त्याची कळी खुलली. गुलाबी बोंडअळी पडली की फूल उमलत नाही, मिटल्या गुलाबासारखी डोमकळी होते, ती वेळीच खुडून टाकावी लागते. पोरगा अर्धा तास बोलत होता. मी मित्राला म्हटले, "याला जीवशास्त्र दे. कृषीला जाऊ दे." तो उठून उभा राहिला. "तुह्या पोराले सांगतला असता का असा सल्ला?" एवढे बोलून चहा तसाच ठेवून गेला.

मुलाने हट्टाने जीवशास्त्रच घेतले. बापाचा राग माझ्यावर राहिला. तो राग मला कळतो. आम्ही एकाच बाकावर बसत होतो. त्याला इंजिनिअर व्हायचे होते, आणि घरची नांगरट आडवी आली. तो त्याचा हातचा एक होता. स्वतःच्या घरात मांडता आला नाही, म्हणून त्याने तो मुलाच्या घरात नेला. पण असा हातचा मुलाच्या बेरजेत धरायचा नसतो, एवढेच माझे म्हणणे होते आणि आजही आहे.

आणि गणित 'सोडले' म्हणजे ते आपल्याला सोडते, असे थोडेच आहे? आमच्या देवळीच्या नावात एक अक्षर जास्त घातले की नाशिकजवळची देवळाली होते. तिथे द. रा. कापरेकर नावाचे शाळामास्तर होते, १९०५ ते १९८६. त्यांनी १९४९ साली एक गंमत जगाला दाखवली. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. आलेल्या उत्तराचे पुन्हा तसेच करा. फार तर सात खेपांत ६१७४ येते आणि तिथेच ठाण मांडून बसते. २०२४ घेऊन पाहा: ३९९६, मग ६२६४, मग ४१७६, आणि ६१७४! या घरात शिरायला वजाबाकीखेरीज कोणतीही किल्ली लागत नाही. फराळ झाल्यावर मुलांना घेऊन बसा, जीवशास्त्रवाल्यांनाही बसवा.

लक्ष्मीपूजनाला आमच्या बाजारातले अडते नव्या वहीची पूजा करतात. कुंकू लावतात, 'श्री' काढतात, आणि पुढे पहिल्याच ओळीत लिहितात: मागील वहीवरून पुढे. एवढी कोरी, करकरीत वही, पण तिचा आरंभ जुन्या शिलकेनेच होतो. शिल्लक थोडी असली तरी त्यांना लाज वाटत नाही. किती आहे ते ठाऊक असले, की धंदा पुढे चालतो. जूनमध्ये माझ्या ओसरीवर येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी शेवटी एवढेच विचारतो, "मागच्या वहीत काय शिल्लक आहे, सांग." ते त्याने खरे सांगितले, की पुढचा आकडा त्याचा तोच मांडतो.